निळ्या पट्टीच्या अलीकडे

दुसऱ्या मजल्यावरच्या बोळात गालिच्यावर निळी चिकटपट्टी लावली आहे. पट्टीच्या अलीकडे उभं राहून हवं तेवढं बोला. पलीकडचा भाग चाकांच्या खुर्च्यांसाठी, काठी घेऊन चालणाऱ्यांसाठी कायम मोकळा ठेवायचा. माझी शिकागोची मैत्रीण नेमकी पलीकडे थांबून पर्समध्ये चष्मा शोधते आहे. मागून बॅटरीवरच्या स्कूटरचा हॉर्न वाजतो. “अगं, सरक की!” म्हणत मी तिला ओढते. स्कूटरवरच्या बाई हसत पुढे जातात आणि थोड्या अंतरावर वळून आमची वाट बघतात, कारण त्या आमच्यातल्याच आहेत. मैत्रिणीच्या उपनगरातल्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या ग्रंथपाल. आम्हाला इथं आणलंय त्यांनीच. चौथी आमच्यात मैत्रिणीची मुलगी, कॉलेजात नुकतीच गेलेली. मला ‘मावशी’ म्हणते आणि माझ्या हातातली कार्यक्रमपत्रिका मला न विचारता घेते.

25 मे 2019, शनिवार. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन, तिथलं कॉनकोर्स हॉटेल. सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी आहे. या जोडून आलेल्या सुट्टीत इथं विसकॉन भरतं, म्हणजे स्त्रीवादी विज्ञानकथेचं संमेलन. 1977 साली इथल्या काही वाचकांनी ते सुरू केलं, यंदाचं त्रेचाळिसावं. साधारण हजार जणांची नोंदणी झाली की दार बंद. याहून मोठं करायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलंय. जेवणाच्या मंडपात किती हजार पानं उठली यावर संमेलनाचं यश मोजणाऱ्या मुलखातून मी आलेय. मला हे आधी जरा कंजूषपणाचं वाटतं.

नोंदणीच्या टेबलावर गळ्यात अडकवायच्या ओळखपत्रासोबत छोटे स्टिकर ठेवलेत. लोकांनी आपल्याला ‘ती’ म्हणावं, ‘तो’ म्हणावं, की आणखी काही, ते ज्यानं त्यानं उचलून लावायचं. मुलगी क्षणभर थबकते, एक उचलते, नीट दाबून लावते. तिची आई बघते. काही बोलत नाही, पण चष्मा सापडल्यावर तो घालून पुन्हा एकदा बघते.

हॉटेल राज्याच्या विधानभवनाला खेटून असल्यामुळे इथल्या सभागृहांना नावंही तशीच: असेंब्ली, सेनेट, कॉकस, कॅपिटल. आम्ही शिरतो ती खोली खचाखच भरली आहे. विषय आहे विज्ञानकथेतल्या म्हाताऱ्या बायका. विषय कुणी ठरवला? सभासदांनीच. वर्षभरात कुणीही विषय सुचवायचा, बाकीच्यांनी आवड कळवायची, ज्यांना बोलायचंय त्यांनी नाव द्यायचं. टेबलामागे बसलेल्या पाचांमध्ये दोघी लेखिका आहेत, एक परिचारिका, एक संगणकाच्या धंद्यातली, आणि एक फक्त वाचक. शाल नाही, नारळ नाही, प्रास्ताविकाचं प्रास्ताविक नाही. पाऊण तास अधिक अर्धा तास, बस्स.

पहिली सूचना माइकची. सूत्रसंचालिका बजावून सांगते की प्रत्येकानं माइक घ्यायचाच. तेवढ्यात मागून एक गृहस्थ म्हणतात, माझा आवाज मोठा आहे, मला नको. सूत्रसंचालिका शांतपणे सांगते की प्रश्न तुमच्या आवाजाचा नाही. ज्यांना ऐकू येत नाही ते उठून तसं सांगणार नाहीत. गृहस्थ माइक घेतात. हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगांतही निळ्या पट्टीचे चौकोन आखलेत, तिथं खुर्ची ठेवायची नाही. ग्रंथपालबाई आपली स्कूटर त्यातल्या एकात, चक्क पुढून दुसऱ्या रांगेत लावतात. आपल्याकडच्या नाट्यगृहात चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला कुठं बसवतात ते मला आठवतं: दाराशी, पंख्याच्या आवाजात, आणि तेही चार जणांनी पायऱ्यांवरून उचलून आणल्यावर.

चर्चा लेखिका अर्सुला ली ग्विनपासून सुरू होते. ली ग्विन 1996 मध्ये इथं सन्माननीय पाहुणी होती. गेल्या वर्षी जानेवारीत ती गेली, त्यामुळे तिचं नाव निघालं की खोलीत थोडी हालचाल होते. 1976 साली तिनं एक निबंध लिहिला होता. परग्रहावरचं यान आलंय, त्यात एकच जागा रिकामी आहे, माणूस म्हणजे काय हे समजण्यासाठी त्यांना एक माणूस हवाय, कुणाला पाठवाल? तिचं उत्तर होतं की साठी उलटलेल्या एखाद्या साध्या बाईला. शास्त्रज्ञाला किंवा तरुण अंतराळवीराला पाठवायला ती तयार नव्हती. बाळपण, तारुण्य, बाळंतपण, पाळी जाणं, आणि आता मरणाकडे जाणं, असे सगळे बदल तिनं अंगावर घेतलेले असतात, असा तिचा युक्तिवाद.

टेबलावरची परिचारिका याला सरळ हरकत घेते. जिला मूल झालंच नाही ती काय अपुरी? आणि जी बाई म्हणून जन्मलीच नाही तिला त्या यानात जागा नाही का? दुसरी म्हणते, निबंध त्या काळचा आहे. तिसरी म्हणते, त्या काळचा आहे म्हणून सोडून द्यायचं असेल तर मग आज वाचायचा कशाला? आवाज चढत नाहीत, पण कुणी माघारही घेत नाही. ली ग्विनवर इतकं प्रेम असलेल्या खोलीत तिच्याशी इतकं भांडतात, याची मला गंमत वाटते. आपण आपल्या लाडक्या लेखकांची एक तर पूजा करतो, नाही तर त्यांचा पुतळा जाळतो.

प्रश्नोत्तरं सुरू होतात आणि माझी मैत्रीण, जी सोसायटीच्या मीटिंगमध्येही तोंड उघडत नाही, हात वर करते. माइक घेऊन ती सांगते की आमच्या भाषेत एक म्हातारी आहे. लेकीकडे जाताना जंगलात वाघ आणि लांडगे तिला अडवतात, ती त्यांना वायदा करते की चांगली गुबगुबीत होऊन येते, मग खा. आणि परत येते ती बंद भोपळ्यात बसून, त्यांच्या नाकासमोरून. एकटीनं चालवायचं वाहन, आत सगळी सोय, बाहेरच्याला कळत नाही आत कोण आहे. आम्ही हे तीन वर्षांच्या मुलांना सांगतो. खोली टाळ्या वाजवते. टेबलावरची एक लेखिका हे चक्क लिहून घेते. मैत्रीण खाली बसते तेव्हा तिचे कान लाल झालेत. मुलगी माझ्याकडे वाकून म्हणते, “मावशी, आईनं मला ही गोष्ट कधीच सांगितली नाही.”

“सांगितली होती,” आई पुढं बघतच म्हणते. “तू झोपायचीस.”

बाहेर टेबलांवर केक आणि बिस्किटं मांडली आहेत. ही विक्री जेम्स टिपट्री ज्युनिअर पुरस्कारासाठी. 1991 साली याच संमेलनात सन्माननीय पाहुणी म्हणून बोलताना पॅट मर्फीनं तो जाहीर केला. कल्पना तिची आणि कॅरन जॉय फाउलरची. स्त्री-पुरुष असण्याविषयीच्या समजुती हलवणाऱ्या विज्ञानकथेला तो दिला जातो, आणि त्याचे पैसे उभे राहतात केक विकून. बायकांनी देवळासाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी आजवर पदार्थ करून विकले. एकदा स्वतःच्या पुस्तकांसाठी विकले तर काय, असा त्यातला खोडसाळपणा. यासाठी काढलेलं पाककृतींचं पुस्तक 1992 साली विज्ञानकथेच्या ह्यूगो पुरस्काराच्या नामांकनांत पोचलं होतं! मी एक लिंबाची वडी घेते. गोड जास्त आहे, पण उदात्त कार्य म्हणून खाते.

दुपारी शेतकरी बाजार उठायच्या आत आम्ही एक चक्कर मारून येतो. विधानभवनाच्या पांढऱ्या घुमटाभोवतीच्या चौकात दर शनिवारी हा बाजार भरतो, आणि सगळे लोक एकाच दिशेनं फिरतात, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. देवळाभोवती कुणी उलटी प्रदक्षिणा घालावी तसं वाटतं, आणि नकळत माझे पाय सुलट दिशेला वळतात. समोरून येणारी गर्दी मला अदबीनं परत फिरवते. शतावरी, रूबार्ब, मधाच्या बरण्या. ताज्या चीजचे गोळे विकणारा बाप्या सांगतो की दाताखाली चीं-चीं वाजलं तर ते आजचं. वाजतं.

संमेलनानं चालवलेल्या खोलीत सगळ्यांना फुकट खायला मिळतं. हॉटेलातलं जेवण ज्यांना परवडत नाही त्यांना चार दिवस काढता यावेत म्हणून ही सोय. सूप, ब्रेड, फळं घेऊन आम्ही चौघी एका कोपऱ्यात बसतो आणि विषय टिपट्रीवर येतो. मुलीला प्रश्न पडला होता की पुरस्कार एका पुरुषाच्या नावाचा का. ग्रंथपालबाई हाताची बोटं पुसून सांगायला लागतात. जेम्स टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन. 1915 चा जन्म, महायुद्धात सैन्यात, नंतर काही वर्षं सीआयएमध्ये, मग मानसशास्त्राची डॉक्टरेट. पन्नाशी ओलांडल्यावर कथा लिहायला घेतल्या आणि नाव उचललं ते मुरांब्याच्या बरणीवरून. टिपट्री हा त्या मुरांब्याचा छाप. वर्षानुवर्षं टपालपेटीच्या पत्त्यावरून संपादकांशी, लेखकांशी पत्रव्यवहार चालला. हा टिपट्री बाई असणं शक्यच नाही, लेखनात पुरुषी असं काही आहे, असं 1975 मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्गनं प्रस्तावनेत लिहून ठेवलं. पुढच्याच वर्षी शेल्डनची आई वारली, मृत्युलेखावरून वाचकांनी धागा जुळवला, आणि गुपित फुटलं.

मग मी माझं सांगते. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून. तेव्हा ते जगभर नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ होते; नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी ते झाकलं, आणि अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा पत्नीकडून, मंगलाताईंकडून, लिहून घेतली. मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळाली ती तिथून. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी त्या कथेची दखल घेतली.

मला ही गोष्ट सांगायला नेहमी आवडते. एक बाई आत शिरता यावं म्हणून पुरुषाचं नाव घेते. एक मोठा पुरुष लहान होऊन शिरतो. ग्रंथपालबाईंना मात्र वेगळंच सुचतं. त्या विचारतात, “आणि जिच्या अक्षरात ती कथा गेली, ती स्वतः काय करायची?”

गणित, मी सांगते. मंगलाताई गणिती होत्या. मुलांना गणित सोपं व्हावं म्हणून त्यांनी पुस्तकं लिहिली. इतकी वर्षं ही गोष्ट सांगताना मी ‘पत्नीकडून’ म्हणून पुढे जात आलेय. बाई काही न बोलता मान हलवतात आणि सूप संपवतात.

जिन्याजवळ पाळणाघर आहे. लहान मुलांना तिथं सोडून आईबाप चर्चांना जातात, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. दाराला लावलेल्या कागदावर कुणीतरी क्रेयॉननं आठ पायांची राणी काढलीय. एक तरुण बाप मुलाला सोडून धावत सेनेटकडे जातो, पट्टीच्या योग्य बाजूनं.

दुपारच्या चर्चेत वातावरण तापतं. विषय आहे वसाहतींमधलं स्वप्नरंजन, आणि सुरुवात बेगम रुकैयांच्या ‘सुलतानाज ड्रीम’पासून. ही कथा 1905 ची, मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये इंग्रजीत छापलेली. त्यात पुरुष पडद्यात आहेत, बायका राज्य करतात. एका विद्यापीठाच्या बायका ढगांतून पाणी काढतात, दुसऱ्या सूर्याची उष्णता साठवतात, आणि त्याच उष्णतेनं शत्रूचं सैन्य पिटाळतात. स्त्रीवादी विज्ञानकथेचा इतिहास अमेरिकेतल्या 1970 च्या दशकापासून मोजण्याची खोड आता तरी सोडा, असं टेबलावरच्या एक प्राध्यापक बाई बजावतात. त्या दक्षिण आशियाई आहेत. खोलीत आमच्यासारखे चेहरे कमी आहेत, हे मी सकाळपासून बघतेय. ते इथल्यांनाही ठाऊक आहे: 1999 मध्ये याच संमेलनातल्या चर्चांमधून कार्ल ब्रँडन सोसायटी निघाली, गोरेतर लेखकांसाठी. गंमत म्हणजे कार्ल ब्रँडन हेसुद्धा टोपणनावच. 1950 च्या दशकात गोऱ्या वाचकांनी रचलेला, प्रत्यक्षात कधीच नसलेला कृष्णवर्णीय वाचक.

मला राहवत नाही. माइकसाठी रांगेत उभी राहते आणि काशीबाई कानिटकरांचं नाव घेते. लग्नानंतर नवऱ्याच्या घरी धडपडत वाचायला शिकलेली, आनंदीबाई जोशांचं चरित्र लिहिणारी बाई. तिची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी 1928 ची. एका संस्थानाचा कारभार राणी हाती घेते आणि बायकांच्या हातांनी तो चालवून दाखवते. त्यात यान नाही, किरण नाहीत. कल्पना मात्र अशी की त्या काळात तिला उडतं यानच म्हणावं. इंग्रजीत वाचता येईल का, असं लगेच कुणीतरी विचारतं. मीरा कोसंबींच्या 2008 च्या पुस्तकात काशीबाईंच्या निवडक लेखनाची भाषांतरं आहेत, एवढं मला सांगता येतं. खाली बसले तर मुलीनं फोनवर आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयाची यादी उघडलेली.

खरा वाद पुढे होतो, पाहुण्यांवरून. 2010 मध्ये एलिझाबेथ मून या लेखिकेनं मुस्लिमांविषयी लिहिलेल्या मजकुरावरून तिचं पुढच्या वर्षीचं निमंत्रण इथं मागे घेतलं गेलं होतं. नऊ वर्षं झाली तरी लोक त्यावर अजून दोन्ही बाजूंनी बोलतात. यंदाच्या दोन पाहुण्यांपैकी जी. विलो विल्सन मुस्लिम आहेत. ‘मिस मार्व्हल’ या चित्रकथेतली कमला खान लिहिली ती त्यांनी, आणि मुलीच्या पाठपिशवीवर तिचाच बिल्ला आहे. मला यवतमाळ आठवतं. याच वर्षी जानेवारीत तिथल्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटक नयनतारा सहगल यांना ‘येऊ नका’ कळवलं गेलं. दोन्ही प्रसंग एका मापानं मोजता येणार नाहीत. इथं मतावरून भांडण झालं आणि सभासदांच्या दबावाखाली मंडळानं निर्णय घेतला. तिथं गोंधळाच्या धमकीपुढे संयोजक नमले. मला विचाराल तर मूनबाईंना बोलावून समोरासमोर झोडपायला हवं होतं, तिथं माइक होता की. पण हे मी मुस्लिम नसताना म्हणतेय, आणि शेजारी बसलेली हिजाबमधली मुलगी माझ्याशी सहमत नाही, असं ती मला हसून सांगते.

पुस्तकविक्रीच्या दालनात सिअॅटलच्या अ‍ॅक्वेडक्ट प्रेसची टेबलं आहेत, एल. टिमेल डुशँप या लेखिकेनं 2004 मध्ये काढलेलं छोटं प्रकाशन. मैत्रीण पाच पुस्तकं घेते, मी विमानाच्या वजनाचा हिशेब करून दोन. ग्रंथपालबाई एकही घेत नाहीत. त्या प्रत्येक टेबलावर उभ्या (म्हणजे बसल्या) राहून कुठलं पुस्तक कुणी वाचावं ते अनोळखी लोकांना सांगतात आणि चार प्रती विकून देतात.

रात्री टिपट्री पुरस्कारासाठी लिलाव. जुनी पॉकेटबुकं, विणलेले स्कार्फ, कुणाच्या तरी आजीची बटणं, आणि लिलाव पुकारणारीचं तोंड असं सुटलेलं की सातारी बाजारातला दलालही तिच्यापुढं गप्प बसावा. विजेत्याला मिळतात एक हजार डॉलर, चॉकलेट, एक चित्र, मिरवायला मुकुट, आणि सगळ्यांनी मिळून म्हटलेलं गाणं. यंदाची मानकरी मेक्सिकोची गाब्रिएला दामियान मिरावेते. तिच्या कथेत मारल्या गेलेल्या बायकांच्या आठवणी, त्यांच्या प्रतिमा एका बागेत जिवंत ठेवल्या आहेत. मूळ कथा स्पॅनिशमधली. मैत्रीण ‘द फिमेल मॅन’ कादंबरीच्या एका फाटक्या मुखपृष्ठाच्या प्रतीवर बोली लावते आणि दुसऱ्या कुणीतरी ती तिच्या डोक्यावरून उचलून नेते. मुलगी नाचायला वर गेलीय. आई म्हणते, “बाराच्या आत ये गं,” आणि मग स्वतःच, “बरं, साडेबारा.”

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पुरस्काराचं नाव बदललं. अ‍ॅलिस शेल्डननं 1987 मध्ये आजारी नवऱ्याला गोळी घालून स्वतःला संपवलं होतं, त्यावरून प्रश्न उठले. आता तो ‘अदरवाइज’ पुरस्कार आहे. 2020 चं संमेलन साथीमुळे पडद्यावर झालं. 2024 मध्ये विसकॉन भरलंच नाही. पाळणाघर, सूप, माइक, पट्टी हे सगळं पगार न घेणारी माणसं करत होती, आणि अशी माणसं दरवर्षी नव्यानं मिळावी लागतात.

तुमच्या गावात साहित्य संमेलन, वाचक मेळावा, ग्रंथोत्सव असं काही घाटत असेल आणि स्वागत समितीत तुमचं नाव असेल, तर अध्यक्ष कोण यावर पहिली बैठक घालवू नका. त्या बैठकीत पाळणाघराची खोली ठरवा, चाकाची खुर्ची पहिल्या रांगेपर्यंत कशी जाईल ते प्रत्यक्ष ढकलून बघा, आणि श्रोत्यांसाठी एक माइक वेगळा ठेवा. निळी पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते.